आधी समोरच्याचं म्हणणं

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते, आणि तिथल्याच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावरही लोक माथा टेकतात. या सलोख्याचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण याहून अवघड धडा त्याच परिसरात, गोठणगावजवळ आहे.

१९७२मध्ये इथे तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत वसली. जिल्ह्यातल्या गावोगावी १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा सांगणारी बौद्ध कुटुंबं आहेत. दोघांचाही बुद्ध एकच, तरी अंतर मोठं आहे. तिबेटी परंपरेचा पाया पुनर्जन्म. दलाई लामांची निवडही त्यावरच होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७च्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची फळं या जन्मी भोगण्याची कल्पनाच नाकारली. ती मानली, तर गरिबाच्या हलाखीला तोच जबाबदार ठरतो आणि समाज नामानिराळा राहतो, हा त्यांचा आक्षेप. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिवाशिवीत गेल्या, त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसता तत्त्वचर्चेचा नव्हता.

‘शेवटी सगळं एकच’ म्हणून हा भेद पुसू नये, असं मला ठामपणे वाटतं. तसं केलं, तर दोघांचंही ऐकायचं राहून जातं. ऐकायचं कसं, याची रीत नालंदेच्या परंपरेत आहे: आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की प्रतिपक्षाला आपलंच म्हणणं ओळखू यावं, खंडन त्यानंतर. नालंदेचेच आचार्य, आठव्या शतकात तिबेटला गेलेले शांतरक्षित यांनी ‘तत्त्वसंग्रहा’त न्याय, सांख्य, मीमांसा, जैन अशी मतं एकेक करून मांडली आणि मग तपासली. तिबेटी मठांत आजही भिक्षू बौद्धेतर दर्शनं शिकतात, अंगणात टाळी वाजवून एकमेकांना प्रश्न विचारतात. गोठणगावच्या तिबेटी तरुणांनी बाबासाहेबांचा आक्षेप असा शिकावा आणि विहारातल्या मुलांनी पुनर्जन्माची तिबेटी बाजू; मत बदललं नाही तरी चालेल.

‘तत्त्वसंग्रहा’ची मूळ संस्कृत प्रत भारतात टिकली ती जैनांच्या ग्रंथभांडारांमुळे. तिच्यावरून हा ग्रंथ १९२६मध्ये बडोद्याला छापला गेला. त्यात जैनांच्या स्याद्वादाचं खंडन करणारं एक अख्खं प्रकरण आहे.