२५६ चौकटींचं गाव

पहिल्या शिफ्टची बस वाकडहून निघते तेव्हा दत्तमंदिर रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात. डांगे चौक, नाशिक फाटा, भोसरी हे सगळं अंधारातच मागे पडतं. मोशीच्या पुढे इंद्रायणीवरचा पूल आला की उजव्या हाताच्या खिडकीतून ऊन आत येतं, आणि तेव्हाच मी पिशवीतून हातात धरून खेळायचा माझा राखाडी गेम बॉय बाहेर काढतो. आधी काढून उपयोग नसतो. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्य लागतो. चाकणला कारखान्याच्या गेटवर बस थांबली की ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबायची. खेळ तिथपर्यंतचा जतन होतो. मग बंद करायचं आणि पंचिंगला पळायचं.

माझ्याकडे कॅसेट एकच आहे: ‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’, निन्टेंडो कंपनीचा १९९३ सालचा खेळ. १९९४ च्या मे महिन्यात मस्कतला असणाऱ्या मामाने ती यंत्रासकट आणून दिली. तेव्हा मी सातवीत होतो. हा खेळ मी किती वेळा पुरा केला ते मोजलेलं नाही. तीस वर्षांहून जुन्या या चिमुकल्या साहसकथेपाशी माणसं पुन्हा पुन्हा का येतात, हे मला मनापासून शोधायचं होतं, म्हणून हा लेख.

खेळाचा जन्म शिफ्ट सुटल्यानंतरचा आहे. निन्टेंडोतले प्रोग्रॅमर काझुआकी मोरिता कामाचे तास संपल्यावर गेम बॉयसाठी झेल्डासारखं काहीतरी बनतंय का, हे स्वतःच्या हौसेने करून बघत होते. हळूहळू आणखी सहकारी येऊन बसू लागले. पुढे दिग्दर्शक झालेले ताकाशी तेझुका यांनी त्या दिवसांची तुलना शाळा सुटल्यावरच्या मुलांच्या मंडळाशी केली आहे. टीव्हीवर खेळायचा मोठा झेल्डा १९९१ मध्ये आला होता. तो या छोट्या पडद्यावर उतरवावा इतकाच बेत आधी होता. पण वरून कुणी बघत नसल्यामुळे मंडळी मोकळी सुटली. मारिओच्या खेळातले शत्रू आले, यॉशीची बाहुली आली, कर्बीसारखा गोलमटोल प्राणीही शिरला. ज्या राजकन्येच्या नावाने ही मालिका ओळखली जाते, ती झेल्डा मात्र इथे भेटतच नाही. आमच्या पट्ट्यात कंपनीच्या गणपतीला शिफ्ट संपवून टूलरूममधली माणसं हलता देखावा बांधत बसतात. मोटर भंगारातली, लिंकेज कुठल्या तरी जुन्या फिक्श्चरचं, आणि कामात मात्र ऑर्डरच्या कामाहून जास्त जीव. या खेळात मला तो जीव दिसतो.

यंत्राची गोष्टही आमच्या धंद्याला जवळची आहे. गेम बॉय १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानात आला. तो गुनपेई योकोई यांच्या विभागाने घडवला. योकोईंचा आग्रह असा, की जे तंत्र स्वस्त झालंय, ज्याचे सगळे दोष माहीत झालेत, असं मुरलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नव्या जागी उपयोग करावा. म्हणून रंग नाही, चारच छटा. आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके. चार पेन्सिल सेल. त्याच काळातल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर या प्रतिस्पर्ध्यांना रंगीत, उजळ पडदे होते, पण त्यांना सहा सेल लागायचे आणि तेही भराभर संपायचे. बाजारात टिकला तो गेम बॉयच. त्याची आणि त्याच्या रंगीत भावंडाची मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

या एवढ्याशा जागेत कथेतलं अख्खं बेट मावलं कसं? आमच्या कॅसेटचा सगळा ऐवज ५१२ किलोबाइट. आज फोनवर काढलेल्या एका फोटोलाही याहून जास्त जागा लागते. कोहोलिंत नावाचं ते बेट १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकटींत बसवलेलं आहे. एक चौकट म्हणजे एक पडदा, आणि पडद्यात आडवी १० व उभी ८ घरं. कडेला गेलं की पडदा सरकतो आणि पुढची चौकट येते. पसरायला जागाच नसल्यामुळे एकही चौकट वाया घालवलेली नाही. कुठे विहीर, कुठे पोकळ झाड, कुठे नुसता एक दगड, पण दर चौकटीला आपली खूण आहे.

मी ज्या वाकडमध्ये वाढलो, ते मला असंच चौकटी-चौकटींनी पाठ होतं. म्हातोबाचं देऊळ, त्यामागची चिंच, उसाच्या कडेची पायवाट, मुळेचा काठ. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून बगाड यायचं तेव्हा रस्त्याच्या कोणत्या वळणावर कोण उभं असेल, हेही ठरलेलं असायचं. गाव एवढं लहान असलं की ते पुरतं कळतं. कोहोलिंतही पुरतं कळतं. आजच्या खेळांची जगं कैक किलोमीटर पसरलेली असतात आणि ती बघून माझेही डोळे दिपतात, पण त्यातलं एकही मला पाठ नाही.

बेटावरची माणसंही गावातल्यासारखी आहेत. तेझुकांना त्या काळी गाजलेली ‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन मालिका आवडायची. तशी मोजकी पण प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेली माणसं हवीत, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं. कथा लिहिली योशिआकी कोइझुमी यांनी, आणि केन्सुके तानाबे यांनीही तिला हात लावला. त्यातून आले उलरीरा आजोबा. समोर गेलं तर हे लाजून बोलत नाहीत, पण बेटावर जागोजागी असलेल्या फोनवरून भरभरून बोलतात, रस्ता सांगतात. खेळ हाती आला त्या वर्षी आमच्या गावात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नवीन होता, आणि समोरासमोर मान खाली घालणारे माझे थोरले काका त्या काचेच्या खोलीत शिरल्यावर किती मोकळे होतात, हे मी पाहिलेलं होतं. गावातली पोरं तर खेळ कसा जतन करायचा तेही सांगतात, आणि वर म्हणतात, याचा अर्थ आम्हाला विचारू नका, आम्ही लहान आहोत.

मग ती देवाणघेवाण. शेपटी गेलेल्या माकडाला वस्तरा मिळतो, वस्तरा देऊन तो दुसरं काही घेतो आणि शेवटी ढोल बडवत बसतो, ही गोष्ट मराठी घरात प्रत्येक पोराने आजीकडून ऐकलेली असते. कोहोलिंतवर तीच रीत आहे. यॉशीची बाहुली देऊन रिबीन, रिबीन देऊन कुत्र्याचं खाणं, ते देऊन केळी. केळी माकडालाच द्यायची! माकडं खूश होऊन पूल बांधतात आणि मागे एक काठी राहते. काठीचं मधाचं पोळं, पोळ्याचा अननस, अननसाची जास्वंद, पुढे पत्र, झाडू, गळ, हार, मत्स्यकन्येचा खवला, आणि शेवटी भिंग. ते भिंग मिळालं की वाचनालयातलं बारीक अक्षरांचं पुस्तक वाचता येतं, आणि शेवटच्या चकव्यातून जायची वाट त्या पुस्तकात असते. गंमत म्हणून सुरू झालेली साखळी थेट कथेच्या गाभ्यात नेऊन सोडते. ही वीण मला फार आवडते.

वस्तू वापरायची बटणं दोनच, म्हणून तलवारीला राखीव बटण नाही. ढाल, बॉम्ब, उडी मारायचं पीस, धावायचे बूट यांतलं काय हातात घ्यायचं ते दर वेळी ठरवावं लागतं. बूट आणि पीस एकत्र घेतले की लांब उडी बसते, हे कुणी शिकवत नाही, हाताला कळतं. आणि दुकानातून चोरीही करता येते. दुकानदाराची पाठ वळली की वस्तू उचलून बाहेर. मी ९८० रुपयांचं धनुष्य उचललं (तिथल्या नाण्याचं नावच रुपी आहे). त्यानंतर गावातलं प्रत्येक माणूस मला माझ्या नावाऐवजी THIEF, म्हणजे चोर, म्हणू लागलं, आणि ते नाव खेळ संपेपर्यंत बदलत नाही. पुन्हा त्या दुकानात गेलो तर दुकानदाराने जीव घेतला. शाळेतल्या छडीने जे कधी झालं नव्हतं ते त्या पाच अक्षरांनी झालं. मी खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि धनुष्यासाठी पैसे साठवले.

गाभा मात्र पुढेच आहे. नायक लिंक वादळात जहाज फुटून बेटावर वाहून येतो. मरीन नावाची मुलगी त्याला किनाऱ्यावरून उचलून घरी आणते. डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडं आहे आणि त्यात विंड फिश झोपलेला आहे. आठ वाद्यं गोळा करून त्याला जागं केलं की बेटाबाहेर जाता येईल, असं एक घुबड सांगतं. निम्म्याहून पुढे गेल्यावर एका पडक्या मंदिराच्या भिंतीवर लेख सापडतो: हे बेट त्या झोपलेल्याचं स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट, गाव, मरीन, सगळं नाहीसं होणार.

त्या लेखातले शब्द मी वीरकरांच्या डिक्शनरीत एकेक करून काढले होते. अर्थ लागला तेव्हा मी यंत्र बंद करून ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही. स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी खरं मानून सोडणारा हरिश्चंद्र मला माहीत होता. इथे उलट होतं. जागं व्हायचं तर स्वप्नात भेटलेल्यांना सोडायचं. ज्यांच्याशी लढायचं ते राक्षससुद्धा हेच म्हणतात: हे बेट जाईल, आम्हीही जाऊ. म्हणजे त्यांचंही पूर्ण चूक नव्हतं. आणि मरीन मध्येच किनाऱ्यावरच्या ओंडक्यावर लिंकशेजारी बसून सांगते, की तिला समुद्रपक्षी होऊन दूरच्या गावांत गाणं न्यायचं आहे. मिनाको हामानो आणि कोझुए इशिकावा यांनी खेळाचं संगीत केलं. त्या चार आवाजांच्या यंत्रावर वाजणारी मरीनची चाल आजही बसमध्ये माझ्या घशाशी येते.

दुसरे बहुतेक खेळ जिंकल्याचं बक्षीस देतात. हा खेळ जिंकणाऱ्याकडून त्याचं आवडतं गाव मागून घेतो, आणि ते देण्याआधी त्या गावाचा एकेक कोपरा त्याला दाखवतो. तो टिकला आहे तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे. बालपणाची आठवण हे कारण पुरत नाही, कारण लहानपणी मी ब्रिक गेमही पुष्कळ खेळलो आणि त्याच्याकडे परत जावंसं कधी वाटलं नाही.

जगानेही त्याला सोडलं नाही. मूळ कॅसेटच्या ३८ लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९९८ मध्ये रंगीत आवृत्ती आली, तिच्यात रंगांवर बेतलेलं एक नवं भुयार होतं. हौशी लोकांनी तिचा सगळा कोड उलगडून ओळ न् ओळ समजून घेतला आहे. पहिल्या आवृत्तीत पडदा सरकताना नेमक्या क्षणी सिलेक्ट दाबलं की लिंक भलतीकडेच पोचतो, हा दोषही खेळाडूंनीच शोधला आणि त्याचं कौशल्य केलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये निन्टेंडो स्विचसाठी ग्रेझो या स्टुडिओने बेट नव्याने बांधलं. ते चकचकीत खेळण्यासारखं देखणं आहे. पण त्यात मोकळ्यावर चौकटी सरकत नाहीत, सगळं सलग वाहतं, आणि चौकटीच्या कडेला उभं राहून पलीकडे काय असेल याची जी धाकधूक वाटायची, ती मला तिथे भेटली नाही.

आपल्याकडे अशी कथा कुणी घडवली का? घडवली, आणि तीही पुण्यात. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आला, आणि पहिल्यांदा आला तो हातात धरून खेळायच्या निन्टेंडो स्विचवरच. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, राजस्थानी वाड्यांची बांधणी, पहाडी चित्रांचा हात, मधल्या प्रसंगांना छायाबाहुल्या. बाहुल्यांची ती दृश्यं पाहताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण झाली; तिथल्या ठाकर कलावंतांकडे चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये राजीला पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. मला तो खेळ मनापासून आवडला. पण तो पाच-सहा तासांत संपतो आणि कथा ऐन जागी तुटते. लहान असणं हा दोष नाही, कोहोलिंतही लहानच आहे. मात्र कोहोलिंतला शेवट आहे. पुण्यातल्या या माणसांच्या हातात कसब आहे, त्यांनी एक कथा तडीस नेलेली मला पाहायची आहे.

गेल्या जानेवारीत माझ्या कॅसेटमधला बटणाएवढा सेल संपला. जतन केलेला खेळ त्या सेलच्या जोरावर राहतो. एका दुरुस्तीवाल्याकडून नवा सेल डाग देऊन बसवून घेतला, पण तीन कप्प्यांतली तिन्ही नावं गेली. एक माझं, एक आतेभावाचं, एक बहिणीचं. दरम्यान आमचं चिंचेचं झाडही गेलेलं आहे आणि उसाच्या जागी बावीस मजले आहेत. तिथे मात्र नवा सेल बसत नाही.

मेच्या सुट्टीत बहिणीची मुलगी राहायला आली. अकरा वर्षांची. तिने रिकामा पहिला कप्पा उघडून त्यात आईचं नाव घातलं आणि वीस दिवसांत आठही वाद्यं मिळवली. एका संध्याकाळी गॅलरीत, उजेड धरून, ती डोंगरमाथ्यावर अंड्यासमोर उभी होती.

“मामा, ह्याला उठवलंच पाहिजे का?”

मी म्हटलं, ते तुझ्यावर आहे.

तिने लिंकला मागे वळवलं. डोंगर उतरून ती गावात आली. घराघरांत शिरून एकेकाशी बोलली. फोनच्या खोलीत जाऊन उलरीरा आजोबांना फोन लावला. मग दुसऱ्यांदा लावला. पडद्याशेजारचा लाल दिवा मंद होत चालला होता.

“मामा, सेल आण ना,” ती मान वर न करता म्हणाली. “चार लागतील.”

मी चपला घातल्या आणि खाली दुकानात गेलो.