एमजीबी मोटारीची निष्कासव्यवस्था : दुरुस्ती व सुधारणा यांमागील तत्त्वे

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स मोटार पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली. तिची रचना साधी आहे व सुटे भाग आजही मिळतात. त्यामुळे अनेक मालक तिची दुरुस्ती स्वतःच करतात. या हौशी दुरुस्तीत एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेले वायू बाहेर नेणाऱ्या निष्कासव्यवस्थेचा, क्रम बराच वरचा लागतो. जुनी नळी गंजल्यावर नवी बसवावयाचीच, तर ती अधिक रुंद व मोकळी का नसावी, असा विचार मालकाच्या मनात येणे साहजिक आहे. तो कितपत ग्राह्य आहे हे ठरविण्यासाठी ही व्यवस्था का बिघडते आणि एंजिनाच्या कार्यात तिचा वाटा कोणता, हे दोन प्रश्न क्रमाने पाहिले पाहिजेत.

बिघाडाचे मूळ ज्वलनातच आहे. ऑक्टेन हे पेट्रोलचे प्रातिनिधिक द्रव्य मानले, तर त्याच्या ११४ ग्रॅमच्या पूर्ण ज्वलनातून १६२ ग्रॅम पाणी निर्माण होते. म्हणजे एक किलोग्रॅम इंधनामागे सुमारे १.४ किलोग्रॅम पाणी. लांबच्या प्रवासात सर्व नळ्या तापतात व हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु चार-पाच किलोमीटरांच्या फेरीत मागील सायलेन्सर पुरेसा तापत नाही. वाफ तेथेच सांद्रित होते, तीत कार्बन डाय-ऑक्साइड आणि गंधक व नायट्रोजन यांची ऑक्साइडे विरघळतात, आणि हे सौम्य आम्ल पत्र्याला आतून खाते. म्हणूनच एंजिनाजवळची नळी शाबूत असताना शेवटची पेटी सडलेली आढळते. बाहेरून रंग दिल्याने हा क्षय थांबत नाही. भोकावर गुंडाळलेली पट्टी किंवा लावलेला लेप यांचा उपयोग घर गाठण्यापुरता. टिकाऊ उपाय म्हणजे नवा भाग, आणि शक्य तर तो गंजरोधक पोलादाचा.

भाग बदलताना पहिली दक्षता अशी की, केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. तिला भक्कम आधार-घोड्यांवर ठेवावे. गंजलेल्या नटांत झिरपणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे. घाईने जोर लावल्यास मॅनिफोल्डचा स्टड तुटतो व अर्ध्या दिवसाचे काम आठवड्यावर जाते. पुन्हा बसविताना पितळी नट वापरल्यास ते पोलादी स्टडवर गंजून चिकटत नाहीत. नळ्यांची जुळणी मॅनिफोल्डकडून मागे करीत जावी. मात्र सर्व भाग प्रथम सैल ठेवून, ताण कोठेही नाही अशी खात्री झाल्यावरच सांधे आवळावेत. एंजिन रबरी आधारांवर डोलत असते. त्याच्याशी जोडलेली नळी चौकटीला ताठ जखडली, तर ती सांध्याशी तडकते. टांगणीचे रबर म्हणूनच महत्त्वाचे.

शेवटी गळतीची तपासणी अनिवार्य आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याची बंधनशक्ती ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक आहे. टप खाली घेतलेल्या धावत्या मोटारीत पुढील काचेमागे हवेचा दाब कमी होतो व मागची हवा आत ओढली जाते. त्यामुळे ‘मोटार उघडी आहे, धोका नाही’ हा समज फसवा ठरतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूलतः न बदललेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट आहे. साहजिकच ही जबाबदारी आता बव्हंशी मालकावरच येते.

आता सुधारणेकडे वळू. एमजीबीच्या १७९८ घन सेंटिमीटरांच्या एंजिनात चार सिलिंडर असले, तरी त्याच्या शीर्षात वायुमार्ग पाचच आहेत. दोन अंतर्ग्रहणाचे : एक पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरांना सामाईक, दुसरा तिसऱ्या-चौथ्यांना. निष्कासाचे तीन : पहिल्याला व चौथ्याला स्वतंत्र, आणि मधल्या दोघांना मिळून एक. हा सामाईक निष्कासमार्गच एंजिनाचा गळा आवळतो, असा समज सहज होतो. परंतु प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ आहे. त्यानुसार तिसऱ्या व दुसऱ्या सिलिंडरांचे निष्कास भुजादंडाच्या ३६० अंशांच्या अंतराने होतात, आणि आरंभीच्या एंजिनांत निष्कास-झडप २५२ अंशच उघडी असते. अर्थात दोन्ही सिलिंडर तो मार्ग एकाच वेळी कधीच वापरत नाहीत. पहिल्या व चौथ्याचेही अंतर तेवढेच असल्याने मूळ बिडाच्या मॅनिफोल्डात या दोन जोड्या वेगळ्या ठेवून दोन नळ्यांनी खाली उतरविल्या आहेत. ही विभागणी शास्त्रशुद्ध आहे.

याउलट अंतर्ग्रहणात दुसऱ्यानंतर लगेच पहिला आणि तिसऱ्यानंतर लगेच चौथा सिलिंडर येतो. अंतर १८० अंशांचे, पण झडप तेथेही २५२ अंश उघडी. म्हणजे ७२ अंशांपर्यंत दोन शेजारी एकाच मार्गातून मिश्रण ओढतात व एकाच्या वाट्याचे दुसरा नेतो. खरी अडचण आहे ती येथे, आणि मागची नळी रुंद केल्याने ती दूर होत नाही.

नळीच्या लांबीलाही अर्थ आहे. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत दाबाची लहर सेकंदाला अदमासे ५५० मीटर धावते. नव्वद सेंटिमीटरांच्या शाखेच्या टोकाशी ती ऋण लहर होऊन परतण्यास सुमारे ३.३ सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या गतीला भुजादंड तेवढ्यात जवळजवळ ९८ अंश फिरतो. परतलेली लहर योग्य क्षणी झडपेशी पोहोचली तर उरलेले वायू खेचले जातात, अवेळी पोहोचली तर अडतात. त्यामुळे नळ्यांची लांबी बदलली की एका गतीला लाभ व दुसरीला हानी संभवते. शिवाय प्रवाह बदलल्यावर एसयू कार्ब्युरेटरांचे मिश्रण पुन्हा जुळवावे लागते. ते विरळ राहिल्यास झडपांना धोका पोहोचतो.

सारांश, रस्त्यावरच्या एमजीबीपुरते पाहता, गळतीरहित सांधे, सुस्थितीतील मूळ मॅनिफोल्ड आणि गंजरोधक पोलादाच्या यथायोग्य व्यासाच्या नळ्या हीच उत्तम सुधारणा होय. वाढलेला आवाज हा वाढलेल्या शक्तीचा पुरावा नव्हे. तो केवळ कमी झालेल्या शमनाचा पुरावा आहे.