चौदाव्या गावाचा रेडिओ

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी डिजिटल नभोवाणीसंबंधीच्या आपल्या शिफारशी केंद्र सरकारला सादर केल्या. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई ही चार महानगरे आणि त्यांच्या खालोखालची पुणे, नागपूर, अहमदाबाद यांसारखी नऊ शहरे येथील खासगी एफएम केंद्रांनी जुन्या प्रक्षेपणाच्या जोडीला डिजिटल प्रक्षेपण सुरू करावे आणि त्यासाठी देशाने एकच तंत्र निवडावे, असा या शिफारशींचा मथितार्थ आहे. एका लहरीवर एकाऐवजी तीन-चार कार्यक्रम ऐकू यावेत, आवाज स्वच्छ असावा, हा हेतू चांगलाच आहे. या तेरा शहरांचे कल्याण होवो! आमचा प्रश्न चौदाव्या गावाचा आहे. तेथला माणूस उद्या डिजिटल रेडिओ घेऊन घरी आला, तर त्याला ऐकू काय येईल?

चौदावे गाव म्हणून आम्ही मुद्दाम बऱ्हाणपूर निवडतो. तापीकाठचे हे शहर महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर आहे, पण महाराष्ट्रात नाही. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाने ते पेशव्यांच्या हवाली केले. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली तीही येथून जवळच, असीरगडच्या परिसरात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. त्या निमाडाचा पूर्वभाग तोडून २००३ मध्ये बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा झाला. पलीकडे रावेर, अलीकडे बऱ्हाणपूर. केळीच्या बागा मात्र दोन्हीकडे सारख्याच डोलतात. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा त्यांचा नित्याचा व्यवहार. आम्हां वर्तमानपत्रवाल्यांना तर हा जिल्हा मुळीच परका नाही. देशातील वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी याच जिल्ह्यातील नेपानगरात उभी राहिली आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले.

अशा गावाला रेडिओचे मोल अधिक असते. शाळेचे माध्यम, दुकानांवरच्या पाट्या, सरकारी कागद हे सारे राज्याच्या सीमेबरोबर बदलते. लहर मात्र कोणत्याही नाक्यावर थांबत नाही. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले. ते बऱ्हाणपूरपासून सरळ रेषेत जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर आहे. खंडवा त्याहून जवळ, इंदूर थोडे दूर. पण ती दोन्ही केंद्रे हिंदी. सीमेपलीकडच्या मराठी माणसाला आपल्या भाषेतील बातमी, हवामान आणि अभंग विनासायास ऐकविणारे सर्वांत स्वस्त साधन रेडिओच होते.

आता नव्या साधनाकडे वळू. जुन्या पद्धतीत निवेदकाचा आवाज लहरीवर स्वार होऊन येतो आणि वाटेत वीज, यंत्रे, शेजारची केंद्रे यांची जी धूळ त्याच्या अंगावर बसते, ती घेऊनच तो घरात शिरतो. डिजिटल पद्धतीत आवाजाचे आकडे केले जातात, ते आकडे लहरीवरून धाडले जातात आणि संच त्यांतून आवाज पुन्हा उभा करतो. थोडे आकडे वाटेत गळाले तरी ते भरून काढण्याची तजवीज त्यात असते. त्यामुळे मध्यमलहरींवरील कार्यक्रमही खरखरीवाचून ऐकू येतो. आकाशवाणीने यासाठी डीआरएम हे तंत्र स्वीकारले आणि गेल्या दशकात तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपकांवर ते बसविले. मुंबई, पुणे, अहमदाबाद, जबलपूर आणि आमची पणजी यांची नावे त्या यादीत होती.

हा संच विकत घेतानाच पहिला फसगतीचा प्रसंग येतो. ज्याच्या तोंडावर आकडे उजळतात तो डिजिटल रेडिओ, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि दुकानदार ती दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आकडे दाखविणारे बहुतेक संच आतून जुन्याच पद्धतीचे असतात. त्यांत केंद्र लावण्याची कळ तेवढी नवी असते. दुसरी फसगत आपुलकीपोटी होते. इंग्लंडातील आप्त सुट्टीवर येताना मोठ्या प्रेमाने तिकडचा डिजिटल रेडिओ घेऊन येतात. तिकडे डॅब नावाचे निराळे तंत्र आहे आणि आपल्याकडे त्या तंत्राची नियमित केंद्रे नाहीत. तो देखणा संच भारतात एफएमपुरताच उपयोगी पडतो. सबब, वेष्टनावर डीआरएम ही अक्षरे आहेत की नाहीत आणि संच मध्यमलहरींवरील डीआरएम पकडतो की नाही, एवढे दोन प्रश्न विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

संच घरी आला म्हणजे त्याची मांडणीही नीट समजून घ्यावी. अमेरिकेसाठी घडविलेले संच मध्यमलहरींवर दहा-दहा किलोहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी सरकतात. आपल्याकडे ही पायरी नऊची आहे. ती आधी बदलून घ्यावी, नाही तर केंद्रे पायऱ्यांच्या मध्येच हरवतात. लांब होणारी धातूची काडी एफएम आणि लघुलहरींसाठी असते. मध्यमलहरींसाठी ती कितीही उंच केली तरी व्यर्थ. त्यासाठी बहुतेक संचांच्या पोटात फेराइटची एक आडवी कांडी असते आणि कांडीचे टोक केंद्राकडे रोखले तर आवाज सर्वांत क्षीण होतो. म्हणून कांडीची कूस केंद्राकडे येईल असा संच फिरवावा. जळगाव बऱ्हाणपूरच्या पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे कललेले आहे. तेव्हा जळगाव ऐकणाऱ्याने कांडी साधारण दक्षिणोत्तर धरावी. सळईच्या काँक्रीटच्या घरात संच खिडकीशी ठेवावा. मोबाइलचा चार्जर, स्वस्तातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांपासून तो चार हात दूर असावा आणि शक्य तो घडांवर चालवावा. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. जेथे घराला लागून माग चालतो, तेथे विजेचा हा गोंगाट अधिकच. बाहेर तार ताणली असल्यास वळवाच्या विजा कडकडू लागताच ती सोडवून ठेवावी.

डीआरएम केंद्र लावताना धीर धरावा लागतो. लहरीचा आकडा दिल्यावर संच काही सेकंद गप्प असतो. मग पडद्यावर केंद्राचे नाव उमटते आणि नंतर आवाज येतो. एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम असल्यास त्यांतून निवड करावी लागते. केंद्राने सोय केली असेल तर मजकुराच्या रूपाने बातम्याही वाचता येतात. या तंत्राचा एक स्वभाव मात्र विसरून चालणार नाही. जुना रेडिओ लहर क्षीण झाली की कुरकुरतो, पण बोलत राहतो. कान देऊन ऐकणाऱ्याला शब्द लागतातच. डिजिटल संच एका मर्यादेपर्यंत निर्मळ बोलतो आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम मुका होतो. अर्धवट ऐकणे त्याला ठाऊक नाही.

येथेच बऱ्हाणपूरची खरी अडचण उघडी पडते. मुंबई, पुणे, अहमदाबाद आणि जबलपूर, ज्या केंद्रांत डिजिटल यंत्रणा बसविली गेली ती ही चारही शहरे बऱ्हाणपूरपासून सरळ रेषेत सुमारे चारशे ते साडेचारशे किलोमीटरवर आहेत. एखाद्याने कंपास घेऊन वर्तुळ काढावे आणि मध्यबिंदूवर नेमके बऱ्हाणपूर यावे, असा हा योग! दिवसा मध्यमलहरी इतक्या दूर भरवशाने पोहोचत नाहीत. सूर्यास्तानंतर आकाशातील विद्युद्भारित थर त्यांना परावर्तित करून दूरवर टाकतात खरे, पण ती लहर क्षणात प्रबळ, क्षणात क्षीण होते. जुन्या संचाला हे चढउतार सोसवतात; डिजिटल संच अशा वेळी अडखळतो वा मौन धरतो. ज्या जळगावची लहर सहज पोहोचावी ते जळगाव या योजनेत नव्हते. म्हणजे खर्च करून, संच नीट लावून, कांडीची दिशा साधूनही बऱ्हाणपूरच्या श्रोत्याच्या पदरी बव्हंशी शांतताच पडावयाची. दोष संचाचा नव्हे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

यावर ठरलेले उत्तर आम्हांस ठाऊक आहे. मोबाइलवर आकाशवाणीची शेकडो केंद्रे ऐकू येतात, मग या लहरींचे कौतुक कशाला? सोय उत्तम आहे आणि बऱ्हाणपुरातही ती असंख्यांनी आपलीशी केली असेल. परंतु मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते आणि दर महिन्याला पैसे भरावे लागतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा ठिकठिकाणी वीज कोलमडली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा रात्री दोन घडांवर बोलणारी पेटी ही घरातील शेवटची शहाणी व्यक्ती असते. तापीकाठीही हेच खरे. मुलताईला उगम पावलेली ही नदी बऱ्हाणपुरावरून हतनूरला, तेथून उकाईला आणि सुरतेला जाते. तीन राज्यांचे पाणी एकाच पात्रातून वाहते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली, त्या पुराने नदीकाठच्या प्रत्येक गावाला वरच्या गावाची बातमी वेळेवर का हवी असते ते दाखवून दिले. डीआरएममध्ये धोक्याच्या इशाऱ्याची खास योजना आहे. संच तसा असेल तर दुसरा कार्यक्रम चालू असतानाही तो आपण होऊन इशाऱ्याकडे वळतो. ही सोय कोणाला हवी? मच्छीमाराला, नदीकाठच्या शेतकऱ्याला, मागावरच्या कामगाराला. आणि हा संच आज मिळतो कोणाला? अनेक नव्या मोटारींत तो कारखान्यातच बसवून येतो. मोटार नसलेल्याने हाती धरावयाचा संच घ्यावा, तर त्याची किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट!

लहर सीमा ओलांडते तेव्हा काय घडू शकते, हे गोमंतकाला कोणी शिकवावयास नको. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या व नंतर कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी चालविली. ज्या बातमीला पोर्तुगीज सेन्सॉर वाट देत नव्हता, ती घाटमाथ्यावरून घरात उतरत होती. बऱ्हाणपूरच्या मराठी माणसावर कोणाचे राज्य लादलेले नाही. तो आपल्याच देशात, आपल्याच लोकांत आहे. तरीही राजकीय सीमेच्या पलीकडे राहून आपल्या भाषेचा आवाज ऐकणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या वाचकाला चटकन उमगेल.

परदेशांचे दाखले देऊन घाई करणारेही आहेत. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण थांबविले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२४ च्या अखेरीस तसेच केले. पण तेथे आधी देशभर डिजिटल जाळे विणले गेले, घरोघर संच पोहोचले आणि मग जुनी कळ बंद झाली. आपल्याकडे उलट्या क्रमाचे भय वाटते. जुने मध्यमलहरी प्रक्षेपक महाग पडतात म्हणून बंद होऊ लागले आहेत आणि नव्याचा प्रारंभ मात्र तेरा शहरांत व्हावयाचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. त्या यादीत बऱ्हाणपूर आहे, हे खरे. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि बऱ्हाणपुरात वाहिनी काढणारा व्यापारी मराठीसाठी वेळ राखील, असे मानावयास आधार नाही. हे काम सार्वजनिक नभोवाणीचेच आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. डिजिटल लहर ज्या भागात पोहोचलेली नाही, तेथे जुनी बंद करू नये. पुढच्या टप्प्यात महानगरांच्या आधी जळगावसारख्या सीमेवरच्या केंद्रांचा विचार व्हावा, कारण त्यांचा श्रोता एका राज्यात मावत नाही. जे संच खरोखरीच डिजिटल प्रक्षेपण पकडतात, त्यांवरच तसा शब्द छापण्याची सक्ती असावी. आणि मागावर काम करणाऱ्याला परवडेल असा संच देशात घडविण्यास सरकारने उत्तेजन द्यावे. मोठी मागणी नोंदवून शाळा, ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्था यांना तो पुरविला, तर किंमत खाली येण्यास वेळ लागणार नाही.

मुंबईचे पहिले नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्याला लवकरच शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दीचे समारंभ महानगरांत होतील, भाषणे होतील, आणि ती अर्थातच स्वच्छ डिजिटल आवाजात ऐकविली जातील. त्या संध्याकाळी तापीकाठच्या घरात कोणी संचाची कळ दाबली तर पडद्यावर केंद्राचे नाव उमटते की नाही, यावरच त्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला जावा.