बंदिवानाचें पुस्तक

तुरुंगाची भिंत माणसाला कोंडते. पण आंत गेल्याबरोबर त्याचे सारे हक्क लयास जातात काय? हा प्रश्न एका मराठी पुस्तकानें सर्वोच्च न्यायालयापुढें नेला.

१९६२ सालीं चीनशीं युद्ध जुंपलें व देशांत आणीबाणी जाहीर झाली. भारत संरक्षण नियमांखालीं अनेकांना खटला न चालवितां स्थानबद्ध करण्यांत आलें. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे त्यांपैकीं एक. मुंबईच्या तुरुंगांत त्यांनीं सरकारच्याच परवानगीनें 'अणूच्या अंतरंगांत' हें पुस्तक लिहिलें. विषय निव्वळ शास्त्रीय, मूलकणांचा. सप्टेंबर १९६४ मध्यें त्यांनीं हस्तलिखित छपाईसाठीं बाहेर पाठविण्याची अनुज्ञा मागितली. मार्च १९६५ मध्यें सरकारनें ती नाकारली. तेव्हां त्यांनीं मुंबई उच्च न्यायालयाकडे धांव घेतली व तेथें निकाल त्यांच्या बाजूनें लागला. सरकारनें वर अपील केलें.

सरकारचें म्हणणें असें कीं, स्थानबद्धांसंबंधींच्या १९५१ च्या हुकुमांत ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्यांना मिळावयाच्या. पुस्तक छापण्याची सवलत त्यांत नाहीं. ६ सप्टेंबर १९६५ रोजीं न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं हा युक्तिवाद फेटाळला. हे नियम म्हणजे कृपादानांची यादी नव्हे, तर स्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी होय. तसें न मानल्यास, नियमांत अन्नाचा उल्लेख नसेल तर कैद्याला उपाशी मारणेंहि कायदेशीर ठरेल!

आणीबाणींत मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयाचें दार बंद नव्हतें काय, अशी शंका कोणी श्रोता घेईल. तें बंद होतें. पण नियमांना धरून घातलेल्या बंधनांपुरतेंच. नियमांबाहेर जाऊन अधिकाऱ्यानें हक्क हिरावला, तर दाद मागण्याची वाट मोकळी होती.

योगायोग असा कीं, १९६४ सालींच अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील थॉमस कूपर या कैद्याचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य धरला. त्याला इस्लामी धर्मग्रंथ मिळूं दिले जात नव्हते. १८७१ च्या नागरी हक्कांच्या कायद्याचा आधार कैद्यालाहि घेतां येतो, हें त्यानंतर तेथें रूढ झालें.

तुरुंगाला शिस्त हवी, पत्रांची तपासणीहि हवी, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु अमुक गोष्ट कैद्याला कां करूं द्यावी, हें कैद्यानें सिद्ध करावयाचें नसून, ती कोणत्या नियमानें मना आहे हें सरकारनें दाखवावयाचें असतें. कायद्यानें जेवढें हिरावलें नाहीं, तेवढें भिंतीआडच्या माणसाचेंच राहतें.