झिरमिळ्यांच्या झग्याआड : 'फ्लॅपर'विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

'गॅट्सबी थीम'ची पार्टी ठरली, की भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांतून एक ठरावीक वेश बाहेर निघतो. जेमतेम मांडीपर्यंतचा, खालपर्यंत झिरमिळ्या लोंबणारा चमकदार झगा, कपाळाला पट्टी, पट्टीत खोवलेलं पीस, गळ्यात मोत्यांचा लांब सर आणि हातात सिगारेटची नळी. १९२०च्या दशकातली अमेरिकन 'फ्लॅपर' ती हीच, असं जगभर मानलं जातं. या वेशातल्या एकेका वस्तूला थोडाफार आधार आहे. पण सगळ्या मिळून जी बाई उभी राहते, ती १९२५ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तुम्हाला भेटली नसती. तिला घडवलं ते नंतरच्या सिनेमाने, आणि घडवता घडवता खऱ्या मुलींबद्दलचं बरंच काही पुसून टाकलं. त्या मुलींचा पोशाख हा त्यांच्या कमाईचा आणि कष्टाचा भाग होता, म्हणून हा विषय मला नुसत्या फॅशनचा वाटत नाही.

'त्या काळी सगळ्यांचे स्कर्ट आखूड होते'

दशकाच्या सुरुवातीला स्कर्ट पोटरीच्या खाली होते आणि १९२३च्या सुमारास तर ते पुन्हा घोट्यापर्यंत उतरले. गुडघ्याशी पोहोचले ते १९२६-२७ साली, आणि तिथे टिकले जेमतेम तीन वर्षं. गुडघ्याच्या वर रोजचा स्कर्ट जवळजवळ कधीच गेला नाही. बसताना, नाचताना गुडघा दिसे, आणि तेवढ्यानेही घरोघरी आणि चर्चमध्ये वादळ उठे.

स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'ची कथा १९२२च्या उन्हाळ्यात घडते. म्हणजे डेझी आणि जॉर्डन यांचे कपडे पोटरी झाकणारे असायला हवेत. बाझ लुहरमानच्या २०१३च्या चित्रपटात (ज्यात अमिताभ बच्चन मायर वुल्फशाइमच्या छोट्या भूमिकेत होते) पार्टीतले झगे त्या सालाच्या बरेच पुढचे आहेत. कॅथरिन मार्टिन यांना त्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं आणि ती देखणी आहेच. पण तिच्यावरून १९२२ सालाची कल्पना बांधू नये. चार्ल्सटन नाचाचंही असंच. त्याची लाट आली १९२३च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर आलेल्या 'रनिन' वाइल्ड' या संगीतिकेनंतर, म्हणजे गॅट्सबीचा उन्हाळा सरून वर्ष उलटल्यावर.

'झिरमिळ्या म्हणजे फ्लॅपर'

झिरमिळ्यांचे झगे तेव्हा नव्हतेच असं नाही, पण ते थोडे होते. झिरमिळ्या रेशमाच्या असत, महाग आणि जड. आज दुकानात मिळणारी हलकी, हलताच थरथरणारी झालर पॉलिस्टरची असते, आणि पॉलिस्टरचं कापड बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. त्या काळच्या संध्याकाळच्या पोशाखाचं खरं वैभव होतं मणीकाम. जाळीदार किंवा तलम रेशमी कापडावर, आपल्याकडच्या आरीकामात वापरतात तशाच आकड्याच्या सुईने, काचेचे हजारो मणी गुंफलेले असत. असा झगा इतका जड होतो, की टांगून ठेवला तर स्वतःच्या वजनाने फाटतो. संग्रहालयांत म्हणून ते आडवे ठेवतात.

झिरमिळ्यांचं प्रस्थ वाढलं १९५०-६०च्या दशकांत. 'सम लाइक इट हॉट' (१९५९) ही १९२९ सालची गोष्ट, पण तिच्यात मेरिलिन मन्रोच्या अंगासरशी बसणारे झगे पन्नाशीच्या दशकाचे आहेत. खरी फ्लॅपर छाती आणि कंबर लपवत होती. मेरिलिनचे झगे दोन्ही ठसठशीत दाखवत होते. मग १९६७ साली 'थरोली मॉडर्न मिली' आला. कथा १९२२ची, पण ज्युली अँड्र्यूजची नायिका सुरुवातीलाच केस कापून स्कर्ट आखूड करते, कारण तो चित्रपट पाहायला येणाऱ्या मुली स्वतः मिनीस्कर्ट घालत होत्या. साठीच्या दशकाने विशीच्या दशकात स्वतःलाच पाहिलं. भाड्याच्या दुकानातला वेश हा या चित्रपटांचा वारस आहे.

जाता जाता आणखी एक. कॉर्सेट टाकून फ्लॅपर मुलींनी शरीर मोकळं सोडलं, असं म्हणतात. हाडांच्या काड्यांचं जुनं कॉर्सेट मागे पडलं हे खरं, पण सरळसोट दिसण्यासाठी पुष्कळ जणी छाती सपाट करणारी पट्टी आणि नितंबांवर इलॅस्टिकचा पट्टा बांधत होत्या. मोकळेपणा होता, पण दिसतो तितका नव्हता.

'हा श्रीमंत मुलींचा, कोको शनेलने शोधलेला शौक'

शनेलचं योगदान मोठं आहे, पण एकटीचं नाही. डिझायनर पॉल प्वारेने पहिल्या महायुद्धाआधीच कॉर्सेटशिवायचे झगे विकले होते. आयरीन कॅसल या नर्तकीने युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच केस कापले आणि तिच्या नावाचा बॉब अमेरिकेत गाजला. टेनिसपटू सुझान लांग्लाँ डिझायनर झां पातूने शिवलेले हलके, बिनबाह्यांचे कपडे घालून खेळत होती.

मात्र ही फॅशन पसरली ती पॅरिसमुळे नव्हे, तिच्या साध्या बेतण्यामुळे. सरळ नळीसारखा झगा, कंबरेला चुण्या नाहीत, आत हाडं नाहीत. शिवणयंत्र चालवता येणारी कोणतीही मुलगी कागदी पॅटर्न आणून तो घरी शिवू शकत होती. एका तासात झगा कसा शिवावा, हे शिकवणारी पुस्तिका तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय होती. रेशमी पायमोजे परवडत नसतील तर रेयॉनचे मिळत. टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर, मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या पगार हातात आल्यावर हे कपडे घेत होत्या. फॅशनच्या इतिहासात ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : मालकीण आणि तिच्या ऑफिसातली टायपिस्ट यांच्या कपड्यांचा आकार पहिल्यांदाच एक झाला. फरक उरला तो कापडाचा आणि मण्यांचा.

सिनेमाला हे पक्कं ठाऊक होतं. 'इट' (१९२७) मधली क्लॅरा बो ही दुकानातली विक्रेती आहे आणि मालकाच्या मित्रासोबत मेजवानीला जाण्यासाठी अंगावरच्या कामाच्या कपड्यांनाच कात्री लावून ती संध्याकाळचा झगा तयार करते. बो स्वतः ब्रुकलिनच्या दारिद्र्यातून, एका मासिकाची स्पर्धा जिंकून सिनेमात आली होती.

या मुली नुसत्या उडाणटप्पू होत्या, हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला. ब्रिटनमध्ये १९२८ साली स्त्रियांना पुरुषांप्रमाणे २१व्या वर्षी मताधिकार मिळाला, तेव्हा विरोधी वृत्तपत्रांनी त्याला 'फ्लॅपरचं मत' म्हणून हिणवलं. त्याआधी दहा वर्षं तिथे तिशीच्या आतल्या स्त्रीला मत नव्हतंच.

'लुईझ ब्रुक्स ही त्या काळची सर्वांत मोठी तारका'

काळेभोर, शिरस्त्राणासारखे कापलेले केस आणि भुवयांपर्यंतची बट. फ्लॅपर म्हटलं की आज हाच चेहरा आठवतो. पण तेव्हाच्या तिकीटबारीवर राज्य होतं कॉलीन मूर आणि क्लॅरा बो यांचं. मूरचा 'फ्लेमिंग यूथ' (१९२३) पाहून मुलींनी बॉबकट करून घेतले. त्या चित्रपटाचा आज एक तुकडा तेवढा शिल्लक आहे. ब्रुक्स हॉलिवूड सोडून बर्लिनला गेली, जी. डब्ल्यू. पाब्स्टचा 'पँडोराज बॉक्स' (१९२९) केला आणि काही वर्षांत विस्मृतीत गेली. चाळीसच्या दशकात ती न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेती होती. तिला परत आणलं पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपटसंग्रहाच्या हेन्री लांग्ल्वाने, पन्नासच्या दशकात.

तिचा प्रभाव खरा, पण तो नंतरचा. 'सिंगिन' इन द रेन' (१९५२) मधल्या सिड शरीसचे केस, गोदारच्या 'व्हिव्र सा व्ही' (१९६२) मधली आना करीना, इटालियन चित्रकथेतली व्हॅलेंटिना या साऱ्यांत ब्रुक्स दिसते. 'पल्प फिक्शन' (१९९४) मधल्या उमा थर्मनचा बॉबही याच घराण्यातला. कुठला चेहरा युगाची खूण ठरतो, हे पुष्कळदा कोणाच्या फिती वाचल्या यावर ठरतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ सालच्या अहवालानुसार तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ स्वरूपात उरले आहेत.

'फ्लॅपर म्हणजे गोरी मुलगी'

ज्या नाचाशिवाय फ्लॅपरची कल्पना करता येत नाही, तो चार्ल्सटन कृष्णवर्णीय समाजातून आला. त्या प्रसिद्ध धुनेचा संगीतकार जेम्स पी. जॉन्सनही कृष्णवर्णीय. १९२५ साली पॅरिसला वेड लावलं ते सेंट लुइसहून आलेल्या १९ वर्षांच्या जोसेफिन बेकरने. लॉस एंजेलिसच्या एका लाँड्रीवाल्याची मुलगी ॲना मे वाँग ही रूपाने आणि ढंगाने पुरेपूर फ्लॅपर होती, पण हॉलिवूडने तिला दुय्यम भूमिकांतच अडकवलं, म्हणून १९२८ साली तीही युरोपला गेली. अमेरिकेने तिचं चित्र नाण्यावर घातलं ते २०२२ साली.

तोक्यो आणि शांघायमध्येही 'मॉडर्न गर्ल' त्याच वर्षांत रस्त्यावर आली होती. आणि मुंबईतही.

मुंबईची ही मुलगी पुण्यात जन्मली, १९०७ साली, बगदादी ज्यू कुटुंबात. नाव रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करताना तिला सिनेमात बोलावणं आलं आणि ती 'सुलोचना' झाली. (मराठी चित्रपटातल्या आपल्या सुलोचनादीदी वेगळ्या, त्या पुढच्या पिढीच्या.) 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोननी तरुणी' हे दोन्ही १९२६चे, 'इंदिरा बी.ए.' १९२९चा. चित्रपटांची नावंच पाहा : टायपिस्ट, ऑपरेटर, पदवीधर. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) मध्ये तिने आठ भूमिका केल्या, त्यांत पोलीस होता, केळीवाली होती आणि सोनेरी केसांची युरोपियन बाईही. हे हॉलिवूडचं अनुकरण म्हणून झटकून टाकता येणार नाही. स्वतः टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेली बाई पडद्यावर टेलिफोनवाली झाली होती, आणि मुंबईत तशा नोकऱ्या करणाऱ्या मुली खरोखरच होत्या. १९७३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली मुंबईत ती गेली.

'मंदी आली आणि स्कर्ट लांब झाले'

पॅरिसने लांबी वाढवली होती ती शेअर बाजार कोसळण्याआधीच. संध्याकाळचे झगे १९२८ पासून मागून लांब होत होते, आणि पातूने १९२९च्या उन्हाळाअखेरीस स्कर्ट खाली आणले. बाजार गडगडला ऑक्टोबरात. मंदीने एवढंच केलं, की त्या बदलाला पाठ फिरवायची कुणाची ऐपत राहिली नाही. पडद्यावरची फ्लॅपर मात्र बेटी बूपच्या रूपाने १९३० नंतरही नाचत राहिली. १९३४ साली हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, तेव्हा त्या कार्टूनलाही अंगभर कपडे घालावे लागले.

'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आज पाहता येत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले अगदी मोजके उरले आहेत. तेव्हाच्या जाहिराती, चित्रपटांच्या पुस्तिका, स्टुडिओत काढलेले फोटो अजूनही कुणाकुणाच्या माळ्यावर असतील. एखाद्या जुन्या पेटीत असं काही सापडलं, बॉबकट केलेल्या पणजीचा फोटो असला तरी, तर ते रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला नाव आणि साल लिहून ठेवा, आणि सिनेमाचं काही असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.