अनेक शेवटांची प्रेमकथा

मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात गाठता येणारे मांडवा हे अलिबाग तालुक्यातील बंदर पुष्कळांना ठाऊक आहे ते 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटामुळे. आणि १९९० च्या मूळ चित्रपटात काय किंवा २०१२ च्या नव्या आवृत्तीत काय, विजय दीनानाथ चौहान आपल्या गावी परततो तो सूड पुरा करून प्राण ठेवण्यासाठीच. प्रेक्षकाने तो चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी नायकाला वाचविण्याची मुखत्यारी त्याच्याकडे येत नाही. कथा सांगणाऱ्याने दिलेला फैसला ऐकणाऱ्याने निमूटपणे मान्य करावा, हा आपल्या कथाव्यवहाराचा इतका जुना दस्तूर आहे की, त्याहून वेगळे काही असू शकेल हे सहसा मनातही येत नाही. जपानमध्ये मात्र संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या 'व्हिज्युअल नॉव्हेल' नावाच्या वाङ्मयप्रकाराने हा दस्तूर मोडला आहे, आणि मांडव्याच्या मुक्कामात, लहान लाँची बंद असलेल्या पावसाळी दिवसांत, या प्रकारातील प्रेमकथा वाचताना मला तिचे जे सामर्थ्य जाणवले, ते मराठी वाचकापुढे ठेवावे अशी मनापासून इच्छा आहे.

तिची रचना समजण्यास अवघड नाही. पडद्यावर शाळेच्या वर्गाचे किंवा बर्फाने झाकलेल्या रस्त्याचे स्थिर चित्र असते, त्यापुढे एखादी व्यक्ती उभी असते, खालच्या चौकटीत तिचे बोलणे आणि नायकाचे स्वगत उमटते, मागे संगीत चालू राहते, आणि वाचकाने बटण दाबीत मजकूर पुढे न्यावयाचा असतो. मधूनच कथा थांबते व विचारते: मधल्या सुटीत ग्रंथालयात जावे की गच्चीवर? रडणाऱ्या मुलीशी बोलावे की तिला एकटे राहू द्यावे? दिलेल्या प्रत्येक उत्तराची नोंद प्रोग्रामच्या दफ्तरात होते (खेळणारे तिला 'फ्लॅग' म्हणतात), आणि ठरावीक टप्प्यावर ते दफ्तर तपासले जाऊन जिच्याकडे वाचकाने सातत्याने लक्ष दिले तिचा 'रूट', म्हणजे तिच्या कथेचा मार्ग, खुला होतो. कोणाकडेच धड लक्ष दिले नसेल तर वाट्याला येतो तो 'बॅड एंड'. मग जपून ठेवलेल्या 'सेव्ह'वर परतावे, वाचलेला मजकूर वेगाने सरकवावा आणि दुसरे उत्तर द्यावे. परंपरा ज्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते त्या मोक्षपटात पुण्याची शिडी किंवा पापाचा साप वाट्याला येतो तो कवड्यांच्या दानाने. येथे दान नाही, दैव नाही, जे घडते त्याची जबाबदारी सर्वस्वी निवडणाऱ्याची आहे.

या प्रकाराचा पाया चुनसॉफ्टच्या १९९२ मधील 'ओतोगिरिसो' या भयकथेने घातला. १९९४ मध्ये कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने शाळेची तीन वर्षे आणि पदवीदानाच्या दिवशी एका वृक्षाखाली मिळणारी प्रेमाची कबुली हा विषय लोकप्रिय केला, आणि त्याच वर्षी कोएई कंपनीच्या स्त्रियांच्या चमूने मुलींसाठी 'आंजेलिक' निर्माण केली. परंतु केवळ प्रिया मिळविण्याची ही स्पर्धा राहिली असती तर तिच्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते.

कारण मिळते ते 'की' या संस्थेच्या 'कॅनन' या १९९९ मधील कृतीत. युइची नावाचा तरुण सात वर्षांनी एका हिमाच्छादित नगरात मावशीच्या घरी परततो आणि त्याच्या आयुष्यात पाच मुली येतात. त्यांतील शिओरी असाध्य आजाराने ग्रासलेली असून पुढच्या वाढदिवसापर्यंत ती जगणार नाही असे वैद्यांनी सांगितलेले असते. वाचकाने तिचा मार्ग धरला तर तिच्या उरलेल्या दिवसांचा तो सोबती होतो; परंतु दुसरीचा मार्ग धरला तर शिओरीशी गाठ जेमतेम पडते व पुढे तिचे काय झाले हे कळतही नाही. एकीचा मार्ग सुखान्त करून जो वाचक दुसरीच्या मार्गावर येतो, त्याला तेव्हाच उमगते की, मागच्या वेळी आपण आनंदात असताना याच नगरात, याच दिवसांत, ही मुलगी एकाकी होती. एकाचा स्वीकार हा इतरांचा नकळत केलेला त्याग असतो, हे सत्य एकाच शेवटाच्या कादंबरीत लेखक सांगू शकतो, पण वाचकाच्या हातून घडवू शकत नाही.

त्या अपराधभावनेला उत्तर मिळाले ते याच संस्थेच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लानाड'मध्ये. बापाशी अबोला धरलेला तोमोया आणि आजारपणामुळे त्याच वर्गात पुन्हा बसलेली नागिसा यांची भेट शाळेकडे जाणाऱ्या, साकुराच्या झाडांच्या चढणीवर होते. पण ही कथा शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. तोमोया विजेच्या तारांची कष्टाची नोकरी धरतो, संसार मांडतो, आणि बाळंतपणात नागिसा दगावल्यावर आपल्या कन्येकडे, उशिओकडे, कित्येक वर्षे पाठ फिरवितो. बापलेकींच्या भेटीचा तो प्रवास मला थांबत थांबतच वाचता आला. येथे इतर पात्रांचे मार्ग वाया जात नाहीत: ज्या ज्या माणसाचे दुःख वाचकाने त्याच्या मार्गावर जाऊन हलके केले असेल, त्याच्याकडून प्रकाशाचा एक गोळा मिळतो, आणि असे गोळे पुरेसे साठल्याखेरीज नागिसा वाचते तो शेवट खुला होत नाही. परोपकाराचे संचित प्रियजनाच्या कामी यावे, ही आपल्याला अपरिचित नसलेली कल्पना येथे वाचकाच्या प्रत्यक्ष श्रमातून सिद्ध होते, आणि म्हणूनच ती उपदेश वाटत नाही.

पालकांना एवढे सांगितले पाहिजे की, या प्रकारातील पुष्कळ कृती केवळ प्रौढांसाठी लिहिलेल्या असतात. 'कॅनन'ची पहिली आवृत्तीही तशीच होती, पुढल्या वर्षी ती सर्वांसाठी निघाली. 'क्लानाड' मात्र आरंभापासूनच सर्व वयांच्या वाचकांसाठी आहे, आणि २०१५ पासून ती इंग्रजीत 'स्टीम'वर विकत मिळते. ज्याला आरंभ करावयाचा असेल त्याने तिच्यापासूनच करावा, आणि कोणते उत्तर दिल्यास कोणता मार्ग उघडतो याच्या तयार याद्या सर्वत्र मिळत असल्या, तरी पहिल्या वाचनात त्यांच्याकडे पाहू नये.