लहान महाविद्यालयाची प्रतिष्ठा : विल्यम्सटाउन ते अहिल्यानगर
(लेखमाला : उच्च शिक्षणाची पत – लेखांक ६)

विद्यापीठांची पत ठरवताना संशोधन, प्रयोगशाळा, अनुदान असे मोठे आकडे पुढे केले जातात, हे मागील लेखांकात पाहिले. परंतु ज्या संस्थेत जेमतेम दोन हजार विद्यार्थी आहेत आणि जेथे वैद्यकीय किंवा कायद्याचा अभ्यासक्रम नाही, अशा लहान महाविद्यालयाला नामांकित विद्यापीठाच्या तोडीची प्रतिष्ठा कशी लाभते, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. अमेरिकेतील निवडक ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालये हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे ‘आर्ट्स’ म्हणजे महाराष्ट्रात बारावीनंतर निवडली जाणारी कला शाखा नव्हे. स्वतंत्र नागरिकाला आवश्यक मानलेल्या विद्या असा त्या संज्ञेचा जुना अर्थ असून त्या विद्यांत व्याकरण आणि वक्तृत्वाबरोबर गणित व खगोलशास्त्रही मोडत असे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स (स्थापना १७९३) आणि अ‍ॅमहर्स्ट (१८२१) ही या प्रकारातील दोन अग्रगण्य महाविद्यालये. विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ नावाची एक अध्यापनपद्धती आहे. तीत दोनच विद्यार्थी दर आठवड्याला प्राध्यापकासमोर बसतात; एकाने लिहिलेला निबंध दुसरा तपासतो, त्यातील युक्तिवादाचे कच्चे दुवे दाखवतो आणि पुढच्या आठवड्यात भूमिकांची अदलाबदल होते. लिहिणाऱ्याला आपले प्रत्येक विधान समोरासमोर सिद्ध करावे लागते आणि शिकवणाऱ्यालाही प्रत्येक ओळ वाचावी लागते. अशा महाविद्यालयांचे नाव सामान्य माणसाला हार्वर्डइतके परिचित नसते; परंतु पदव्युत्तर प्रवेश देणाऱ्या प्राध्यापकांच्या लेखी त्यांच्या विद्यार्थ्याचे वजन मोठे असते, ते या मेहनतीमुळे.

या कमावलेल्या प्रतिष्ठेवर पुढे मोजलेल्या प्रतिष्ठेचा थर चढला. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या नियतकालिकाने १९८३ मध्ये महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध केली, तेव्हा तिचा आधार महाविद्यालयप्रमुखांची मते हाच होता. म्हणजे प्रतिष्ठा ठरवण्यासाठी प्रतिष्ठाच विचारली गेली. पुढे अनेक निकष आले, तरी किती अर्जदारांना प्रवेश नाकारला हा आकडा लोकांच्या मनात गुणवत्तेचा पर्याय होऊन बसला. प्रवेश नाकारल्याने संस्था दुर्मीळ होते, चांगली होतेच असे नाही; या दोहोंतला फरक पुसला गेला, हे त्या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य मानावे लागते.

या परंपरेशी अहिल्यानगर जिल्ह्याचा संबंध जुना आहे. विल्यम्स महाविद्यालयाचे पदवीधर गॉर्डन हॉल हे १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकी एक होते आणि याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे आपले ठाणे उघडले. मिशनच्या शाळा तेथे रुजल्या, परंतु पदवी शिक्षणाची सोय होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. त्याच्याशी निगडित ग्रामीण विकास अभ्यास केंद्र, म्हणजेच ‘सीएसआरडी’, दुष्काळी गावे आणि समाजकार्याचे शिक्षण यांची सांगड घालू लागले. आपल्या परिसराचाच अभ्यासविषय करणे, ही लहान महाविद्यालयाला शोभणारी वाट होती.

असे असूनही जिल्ह्यातील महाविद्यालयांना स्वतःची प्रतिष्ठा पुरती का लाभली नाही, याचे उत्तर संलग्नतेच्या पद्धतीत सापडते. संलग्नता म्हणजे महाविद्यालयाने शिकवायचे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी यांचा ताबा ठेवायचा, अशी व्यवस्था. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था म्हणून स्थापन झाले आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठानेही संलग्नतेचा वारसा चालवला. विद्यापीठीय परीक्षेची उत्तरपत्रिका ‘कॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूल्यमापन केंद्रात तपासली जाते, तेव्हा तपासनिसापुढे विद्यार्थ्याचे नाव नसते आणि त्याला वर्षभर शिकवणारा प्राध्यापकही बहुधा तेथे नसतो. निःपक्षपातासाठी ही काळजी योग्यच आहे. परंतु विल्यम्सच्या पद्धतीत शिक्षकाने विद्यार्थ्याचे लेखन वाचणे हाच शिक्षणाचा गाभा ठरतो, तर येथे तो दुवाच तुटतो. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव ठळक असते आणि महाविद्यालयाची ओळख ओझरती उरते.

या चौकटीतही काही संस्थांनी स्वतःची पत निर्माण केली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमागे (१८८५) डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सदस्यत्वाची पद्धत होती. आजीव सदस्य म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देणारा शिक्षक. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ते वचन पूर्ण केले. पदवी मुंबई विद्यापीठाची होती, पण लोकांचा विश्वास बसला तो शिक्षकांवर.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने, पंधरा वर्षांत संपवण्याचे उद्दिष्ट आहे. स्वायत्त महाविद्यालय, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारे महाविद्यालय, ही त्या वाटेवरची पायरी होय. मात्र अभ्यासक्रमाचे केवळ मुखपृष्ठ बदलले आणि शिक्षकांची पदे रिकामी राहिली, तर स्वायत्तता कागदावरच राहील. म्हणून संगमनेर, श्रीरामपूर किंवा अहिल्यानगर येथील पालकांनी कट-ऑफ किती टक्क्यांना थांबला, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, एवढेच विचारू नये. मुलीने लिहिलेला निबंध कोण वाचतो, किती दिवसांत परत देतो आणि समासात काय लिहितो, हेही विचारावे.

या प्रश्नाचे महत्त्व जिल्ह्याच्याच इतिहासात दिसते. अहमदनगर येथे सिंथिया फरार या मिशनच्या शिक्षिका चालवत असलेल्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. त्या संस्थेला कोणती क्रमवारी नव्हती की कट-ऑफ नव्हता. आज जिल्ह्यातील हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर ज्या विद्यापीठाचे नाव छापले जाते, ते विद्यापीठ त्या संस्थेतून शिकून गेलेल्या सावित्रीबाईंच्या नावाने ओळखले जाते.

(पुढील लेखांकात : स्वायत्त महाविद्यालयाचे अभ्यासमंडळ कसे चालते)